पेटीवरून पियानोवर आलात आणि अवघड पीसमध्ये अडकलात तर काय करायचं

आमच्याकडं परभणी, नांदेड, लातूर या पट्ट्यात पियानो शिकणारा माणूस बहुतेक पेटीवरूनच आलेला असतो. घरात कुणीतरी भजनी मंडळात असतं, लहानपणीच पेटीला हात लागतो, मग शाळेच्या गॅदरिंगला कीबोर्ड, आणि मग कधीतरी मोबाईलवर कुणाची तरी बोटं पियानोवर पळताना दिसतात आणि झोप उडते. माझं तसंच झालं. आजोबांसोबत हरिपाठाला पेटी वाजवायचे, आणि नंतर एक दिवस शोपँ या जुन्या युरोपियन संगीतकाराचा फँटेझी-इंप्रॉम्प्टू हा पियानोचा पीस ऐकला आणि ठरवलं की काही झालं तरी हा वाजवायचाच.

हा लेख त्याच पीसच्या आधारानं लिहितेय, पण तुमचा पीस दुसरा असला तरी पद्धत तीच चालते. एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे नंतर मनस्ताप नको. हा पीस नवशिक्याचा नाही, यासाठी काही वर्षांचा हात लागतो. तुम्हाला दोन हात मिळून साधे तुकडे वाजवता येतात, नोटेशन हळूहळू का होईना वाचता येतं, आणि आता पहिल्यांदाच एखादा दमवणारा पीस हातात घेतलाय, अशांसाठी हे आहे. अजून त्याच्याही अलीकडं असाल तर डेब्युसी या फ्रेंच संगीतकाराचा पहिला अराबेस्क आधी घ्या, त्यात एका हाताला तीन आणि दुसऱ्याला दोन असा प्रकार येतो, तो बसला की इथला चाराला तीन, म्हणजे एका हाताला चार आणि दुसऱ्याला तीन, फार जड जात नाही.

मला सगळ्यात जास्त हेच सांगायचंय की अवघड पीस सगळा अवघड नसतो. त्यात चार-पाच जागा अवघड असतात आणि प्रत्येक जागेचं कारण वेगळं असतं. आपण काय करतो, तर पहिल्यापासून वाजवत येतो, जागा आली की अडखळतो, परत पहिल्यापासून. असं रोज तास-दीड तास केलं तर सोप्या जागा अजून सोप्या होतात आणि अवघड जागेला दिवसातून जेमतेम एखादं मिनिट मिळतं, आणि तेही चुकत चुकत, म्हणजे हात चूकच पाठ करतो.

आधी सामान आणि बसणं

थोडक्यात सांगते. ६१ कींच्या कीबोर्डवर हा पीस पूर्ण बसत नाही, खालच्या बाजूला की संपतात. ८८ कींचा, वजनदार कीचा डिजिटल पियानो आणि सस्टेन पेडल, म्हणजे पायानं दाबून सूर लांबवायचं पेडल, एवढं लागतंच. खरा लाकडी पियानो आपल्या भागात क्वचितच बघायला मिळतो, त्याची वाट बघत बसू नका. मात्र नुसत्या हलक्या, स्प्रिंगच्या कींवर सराव करून कधी दुसरीकडं खऱ्या पियानोवर बसलात तर बोटं लगेच थकतात, हे अनुभवानं सांगते.

बसण्याकडं मात्र नीट लक्ष द्या. पेटीला आपण मांडी घालून बसतो, हात वरून येतो, खांदा मोकळा असतो. पियानोला मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे, कोपर कीच्या खाली जायचं, मनगट वर मोडलेलं, आणि महिन्याभरात मनगटाच्या वरच्या बाजूला दुखायला लागलं. मला वाटलं सराव कमी पडतोय म्हणून मी अजून वाजवलं, ते साफ चुकलं. शेवटी खुर्चीवर सतरंजीची चौपदरी घडी टाकली, कोपर कीच्या बरोबरीला आलं, आणि पंधरा दिवसांत फरक पडला. दुखत असेल तर थांबायचंच. थकवा वेगळा आणि दुखणं वेगळं. आराम करूनही दुखणं जात नसेल तर डॉक्टरांना दाखवा, अंगावर काढू नका.

पेटीची कुठली सवय आडवी येते

आपला डावा हात आयुष्यभर भाता ओढत आलाय. त्याला सूर वाजवायची सवयच नाही, म्हणजे उजवा हात दहा वर्षांचा आणि डावा हात पहिलीतला. त्यामुळं डाव्या हाताला दुप्पट वेळ द्यायचा, आणि त्याला उजव्याच्या वेगानं ओढायचं नाही. दुसरं म्हणजे पेटीत जोर भात्यातून येतो, बोटानं हळू दाबा नाहीतर जोरात, आवाज तोच. पियानोत सगळा आवाज की किती वेगानं खाली जाते त्यावर. म्हणून पेटीवाल्याचं वाजवणं सुरुवातीला सपाट येतं, सगळे सूर एकाच उंचीचे. त्यात माझी करंगळी तर पेटीवर जवळजवळ कामालाच नव्हती, इथं तिच्याशिवाय पान हलत नाही.

पण पेटीचा एक मोठा फायदा आहे आणि तो सोडू नका. आपल्याला सूर नावानं कळतात. हा पीस सी शार्प मायनरमध्ये, म्हणजे आपल्या भाषेत काळी एकचा सा आणि गंधार-धैवत कोमल. नोटेशनमध्ये चार शार्प (सूर अर्ध्या पायरीनं चढवायची खूण) बघून घाबरायला होतं, त्यात परत बी शार्प आणि एफ डबल शार्प असलं काहीतरी येतं. काळी एकला सा धरला की हे सगळं ओळखीचं होतं. बी शार्प म्हणजे पांढरी एकची की, आपला शुद्ध निषाद. एफ डबल शार्प म्हणजे जीची पांढरी की, आपला तीव्र मध्यम. उजवा हात पाचव्या बारमध्ये (बार म्हणजे नोटेशनमधल्या दोन उभ्या रेघांमधला भाग) सुरू होतो तो असा: प, कोमल ध, प, तीव्र म, प, सा, कोमल ग. पुढं रे सा रे सा नी सा, कोमल ग, प. हे एकदा गाऊन बघा. मला नोटेशनवरून जे आठ दिवसांत लक्षात राहिलं नाही ते गाऊन एका संध्याकाळी बसलं.

प्रिंट काढा आणि नकाशा बनवा

शोपँनं हे १८३४ च्या सुमारास लिहिलं आणि आयुष्यभर छापलं नाही. तो १८४९ मध्ये गेला, आणि १८५५ मध्ये त्याचा मित्र ज्युलियन फोंटाना यानं छापलं. जे छापलेलं नाही ते नष्ट करा असं शोपँ सांगून गेला होता, तरीही छापलं, आणि मला तरी वाटतं बरं झालं. नंतर शोपँच्या स्वतःच्या हातची थोडी वेगळी प्रतही समोर आली, म्हणून बाजारात आणि नेटवर दोन रूपं फिरतात. एक रूप ऐकून दुसऱ्यावर सराव करू नका, काही नोटा जुळत नाहीत आणि आपणच चुकतोय असं वाटत राहतं. जुनी आवृत्ती आयएमएसएलपी या साइटवर फुकट मिळते. झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या कागदावर काढून घ्या, मोबाईलच्या स्क्रीनवर बघून हे होत नाही, कारण पेन्सिलीनं लिहायला जागाच मिळत नाही.

प्रत्येक बारला नंबर टाका. मग रेकॉर्डिंग लावून कागदावर बोट फिरवत दोन-तीनदा ऐका. तुकडे दिसतील: सुरुवातीचा धावता भाग, मधला संथ गाता भाग, मग परत तोच धावता भाग आणि शेपूट. म्हणजे पहिला भाग बसला की पुढचाही बराच फुकटात मिळाला. आता लाल पेन्सिलीनं फक्त त्या जागांना गोल करा जिथं हात अडतो. पूर्ण ओळीला नको, नेमक्या दोन-तीन नोटांना.

नेमकं कुठं मोडतंय ते शोधणं

प्रत्येक लाल गोलाला मी तीन प्रश्न विचारते. एकच हात, एकदम हळू, जमतं का? नाही जमलं तर नोटा किंवा फिंगरिंगच, म्हणजे कुठल्या सुराला कुठलं बोट तेच, पक्कं नाही, वेगाचा विषयच काढू नका. एकच हात, वेगात, जमतं का? इथं मोडलं तर हाताच्या हालचालीत काहीतरी आहे, नाहीतर कुठंतरी आखडतंय. दोन्ही हात, हळू, जमतं का? इथं मोडलं तर हात ठीक आहेत, जुळवणी नाही. तिन्हीचं औषध वेगळं, आणि एकाचं औषध दुसऱ्याला देऊन उपयोग नाही.

माझंच उदाहरण घ्या. उजव्या हाताच्या पहिल्याच ओळीत मी दोन महिने अडकले होते. मला पक्की खात्री होती की डावा हात मागं पडतोय. रोज डाव्याचाच सराव. मग एकदा भाच्याला म्हणलं, मोबाईल धर आणि बाजूनं स्लो मोशनमध्ये शूट कर. त्यात दिसलं ते असं, की प, कोमल ध, प झाल्यावर तीव्र मध्यमाला माझा अंगठा जायचा तेव्हा आख्खं कोपर बाहेर फेकलं जायचं आणि करंगळी हवेत ताठ. अंगठा कीच्या बाहेर लटकत होता, काळ्या कींवर बोटं असताना तो आत आणायला मी हात वाकडा करत होते. डाव्या हाताचा काहीच दोष नव्हता. उपाय काय, तर आख्खा हात बोटभर आत, म्हणजे कींच्या मागच्या बाजूला सरकवून ठेवला, अंगठा आधीच पांढऱ्या कीच्या वर तयार, मग त्याला फक्त खाली टेकायचं. फक्त चार नोटा, प, ध, प, म, एवढंच तीन दिवस केलं. आणि दोन महिन्यांचं काम सुटलं.

तेव्हा व्हिडिओ काढा. आपल्या भागात समोर बसून हात बघणारे गुरुजी सगळ्यांना मिळत नाहीत, ऑनलाइन क्लासला कॅमेरा बहुतेक तोंडावरच असतो. क्लास असेल तर मोबाईल हातावर लावा आणि सरांना हात दाखवा.

फिंगरिंग एकदा ठरवा आणि कागदावर लिहा. आज एक बोट, उद्या दुसरं, असं केलं तर हाताला रोज नवा पीस शिकावा लागतो. छापलेलं फिंगरिंग पंधरा दिवस प्रामाणिकपणे करून बघा, नाहीच बसलं तर बदला, पण बदललं की ते पक्कं.

चाराला तीन

आता जिथं बहुतेक लोक हा पीस सोडून देतात ती जागा. उजव्या हाताला अर्ध्या बारमध्ये आठ नोटा, डाव्याला सहा. म्हणजे चाराला तीन, आणि ते लागोपाठ दोनदा. तबलेवाले पाऊणपट म्हणतात तीच गोष्ट, फक्त इथं दोन्ही लयी एकाच माणसाच्या दोन हातांत आहेत.

पियानोला हात लावू नका, मांडीवर करा. एकतालासारख्या बारा मात्रा मोजा. उजवा हात १, ४, ७, १० वर. डावा १, ५, ९ वर. दोन्ही मिळून जो आवाज येतो तो मी बोलात असा बसवला: धा ऽ ऽ ति ट ऽ धा ऽ ति ट ऽ ऽ. पहिला धा दोन्ही हातांचा, मग उजवा, डावा, उजवा, डावा, उजवा. तोंडानं म्हणत मांडीवर वाजवा, भाजी चिरताना म्हणा, बसमध्ये म्हणा. जिंतूर ते परभणी एका प्रवासात माझं हे बसलं, शेजारच्या मावशी विचारायल्या होत्या काय म्हणतीस म्हणून.

ते बसलं की पियानोवर या, पण एक फसवी जागा आहे. पाचव्या बारमध्ये उजव्या हाताची पहिली जागा रिकामी आहे, तिथं विश्रांती आहे. म्हणजे तो पहिला धा डावा हात एकटाच वाजवतो, आणि उजवा नंतर घुसतो. नवा माणूस पहिल्या उजव्या नोटेला डाव्या हाताशी जुळवायला जातो आणि तिथूनच सगळं घसरतं. त्यापेक्षा पुढच्या आवर्तनाचा पहिला धा पकडा. डावा हात सा, प, वरचा सा, कोमल ग, सा, प असा जातो, त्यातला चौथा सूर कोमल ग. उजव्या हाताचा तीव्र मध्यम नेमका त्याच्याच बरोबर पडतो. माझ्या हाताला तिथंच अंगठा येतो. पुढच्या अर्ध्या बारमध्ये रे डाव्याच्या सा बरोबर, आणि निषाद परत कोमल ग बरोबर, तिथंही माझा अंगठाच. म्हणजे मला फक्त एवढंच लक्षात ठेवावं लागतं की उजवा अंगठा आणि डाव्याचा कोमल ग एकदम खाली जातात. बाकीच्या नोटा आपापल्या हाताच्या सवयीनं मध्ये पडतात.

आणि खरंच तसंच करायचं असतं. बारा मात्रांचा हिशोब समजण्यापुरता, आठ-दहा दिवस. वेग वाढला की मोजता येत नाही, मोजायचा प्रयत्न केला तर वाजवणं लंगडं होतं. त्यासाठी प्रत्येक हात एकटा इतका सरळ आणि एकसारखा पाहिजे की तुम्ही वाजवता वाजवता कुणाशी तरी बोलू शकाल. मग दोन्ही एकत्र आणा आणि फक्त भेटायच्या जागा ऐका.

डाव्या हाताचा खालचा सा आणि वरचा कोमल ग यांत सप्तकापेक्षा जास्त अंतर आहे, तेवढा हात ताणून धरून ठेवायचा नाही. बोट सोडायचं आणि मनगट बाजूला वाहू द्यायचं, वरनं बघितलं तर मनगट आडवा झोका घेतंय असं दिसलं पाहिजे.

वेग कसा वाढवायचा

मेट्रोनोम, म्हणजे ठरलेल्या वेगानं टोले देणारं साधन, लावा, त्याची ॲप फुकट मिळतात. एका टोल्याला उजव्या हाताच्या चार नोटा, ५० पासून सुरू करा. चार-चारनं वाढवा, मोडलं की आठनं खाली या. एवढ्यावर एक मजल येते आणि मग गाडी अडते, सगळ्यांचीच अडते. तेव्हा पद्धत बदला. पाच नोटा घ्या, म्हणजे चार आणि पुढच्या टोल्यावरची एक, आणि त्या एकदम पूर्ण वेगात फेका आणि थांबा. हात सैल सोडा. परत. मग पुढच्या पाच. मग नऊ. हळू वाजवताना आपण मोठ्या हालचाली करतो ज्या वेगात चालतच नाहीत, म्हणून वेगातला छोटा तुकडा हाताला खरी हालचाल दाखवतो.

वाजवणं एकसारखं येत नसेल, म्हणजे काही नोटा घाईत आणि काही रेंगाळत येत असतील, तर एक लांब एक आखूड असं वाजवा, मग उलटं, एक आखूड एक लांब. कंटाळवाणं आहे पण मला याच्याइतका फायदा दुसऱ्या कशानं झाला नाही.

किती वेळा करायचं याला मी दोन वाट्या आणि तुरीचे पाच दाणे ठेवते. बरोबर वाजलं की एक दाणा डावीकडून उजवीकडं. चुकलं की सगळे परत डावीकडं. पाचही उजवीकडं गेले की उठायचं. पहिल्या दिवशी चार दाण्यांवर येऊन तीनदा परत गेले तेव्हा रडू आलं होतं, पण चौथ्या दाण्यानंतर जे लक्ष लागतं ना, ते नुसतं वीस वेळा वाजवून लागत नाही.

वेळ तुकड्यांत ठेवा. सकाळी वीस-पंचवीस मिनिटं, संध्याकाळी तेवढीच. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेला की दुपारी वाजवूच नका, घामानं बोटं घसरतात आणि मग घसरू नये म्हणून आपण बोटं आवळतो, ती आवळायची सवय पावसाळ्यापर्यंत जात नाही. लाईट गेली तर मात्र उठू नका. बंद पियानोवर, आवाज नसताना, हळू वाजवा आणि मनात सूर ऐका. जिथं मनात सूर दिसेनासा होतो तिथं पाठ कच्चं आहे. माझे तीन-चार लाल गोल लोडशेडिंगमध्येच सापडले.

पेडल शेवटी

नोटा पक्क्या होईपर्यंत पेडलला पाय लावू नका, पेडल चुका झाकतं आणि तुम्हाला वाटतं जमलं. नंतर लावताना, डाव्या हाताचा नवा खालचा सूर वाजला की त्या क्षणी जुनं पेडल सुटलं पाहिजे आणि लगेच परत खाली. पाय हाताच्या किंचित मागून जातो. आधी नुसत्या डाव्या हातावर करा.

मधला भाग आणि शेपूट

मधला भाग डी फ्लॅट मेजर, पाच फ्लॅट (सूर अर्ध्या पायरीनं उतरवायची खूण) दिसतात, पण की तीच, काळी एक. सा तोच राहिला आणि गंधार-धैवत शुद्ध झाले, एवढंच. बोटांना सोपा म्हणून लोक यावर सराव करत नाहीत आणि इथंच वाजवणारा उघडा पडतो, कारण पियानोचा सूर वाजला की विरायला लागतो, पेटीसारखा भात्यावर धरून ठेवता येत नाही. वरची चाल बोटाच्या मांसल भागानं, हाताचं वजन टाकून वाजवा, खालचं डाव्याचं जेमतेम ऐकू येईल एवढंच. चाल आधी गा, श्वास कुठं लागतो बघा, तिथं हात किंचित उचला. आजोबा अभंगाच्या साथीला म्हणायचे की गवयाच्या पुढं जायचं नाही, ते मला डाव्या हातासाठी इथं उपयोगाला आलं.

शेवटच्या पानावर उजवा हात वर हळू आवाजात गुणगुणत राहतो आणि मधल्या भागाची तीच चाल डावा हात खाली, खर्जात वाजवतो. हे पान शेवटी येतं म्हणून शेवटी शिकू नका. डाव्या हाताची ती ओळ एकटी वाजवायला सोपी आहे, सावकाश आहे, पहिल्याच आठवड्यात घ्या. मी ती फार उशिरा घेतली. ज्या हातानं इतकी वर्षं नुसता भाता ओढला त्याच हातातून पहिल्यांदा आख्खी चाल आली, तेव्हा घरातले जेवायचे थांबले होते, आणि त्यानंतर डाव्या हाताच्या सरावाला बसायचा मला कधी कंटाळा आला नाही.